सिलाला झरे

सिलाला : दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या नैर्ऋत्य सीमेवरील अतिउंच झऱ्यांचा समूह व त्यांपासून निघणारा लहान नदीप्रवाह. हे झरे पोतोसी विभागात, चिलीच्या सीमेपासून ०·५ ते ३ किमी. अंतरावर, समुद्रसपाटीपासून सु. ४,३०० मी. उंचीवर आहेत. उतारास अनुसरून त्यांचे पाणी चिलीत जाते आणि सीमेपासून सु. ६ किमी.वर सान पेद्रो नदीस मिळते. हा प्रवाह लोआ नदीच्या खोऱ्यात मोडतो.

सभोवार अँडीजच्या पश्चिम श्रेणीतील इनाकालिरी, सिलाला, आपागादो इ. ५,५०० मी.हून उंच ज्वालामुखी शिखरे असून पश्चिमेस सान पेद्रो (६,१४५ मी.) व सान पाब्लो (६,०९२ मी.) ही जोडशिखरे आहेत. ज्वालामुखींतून निघालेले तप्त वायू व राख यांचे लोट साचून येथे इग्निंब्राइट खडकाचे थर बनले. पावसाचे व वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यांच्या भेगांत मुरते व दरीच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने प्रकट होते. त्यामुळे अटाकामा वाळवंटाच्या कडेच्या या शुष्क प्रदेशातही प्रवाह बारमाही राहतो. झऱ्यांभोवतीच्या पाणथळ कुरणांस ‘बोफेदाल’ म्हणतात. त्यांतील गादीसारख्या दाट वनस्पती व पीट पाणी धरून ठेवतात.

पोतोसीच्या प्रशासनाने १९०८ मध्ये एका रेल्वे कंपनीस वाफेच्या एंजिनांसाठी हे पाणी वापरण्याची सवलत दिली. कंपनीने १९२८ मध्ये बोलिव्हियाच्या हद्दीत दगडी पाट बांधले. वाफेची एंजिने बंद पडल्याने मूळ प्रयोजन उरले नाही, म्हणून १९९७ मध्ये ही सवलत रद्द झाली व वाद उद्‌भवला. सिलाला ही आंतरराष्ट्रीय नदी आहे, असे चिलीचे म्हणणे. तर पाटांमुळे पाणी कृत्रिम रीत्या सीमेपार जाते, अशी बोलिव्हियाची भूमिका होती. चिलीने २०१६ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा दाखल केला. सुनावणीच्या ओघात उभय पक्षांची मते जवळ आली. सिलाला हा आंतरराष्ट्रीय जलप्रवाह असून त्याच्या न्याय्य व वाजवी वापराचा अधिकार दोघांनाही आहे, हे दोघांनी मान्य केले. परिणामी, बहुतेक मुद्यांवर निर्णय देण्याचे प्रयोजन उरले नसल्याचे न्यायालयाने १ डिसेंबर २०२२ रोजी घोषित केले. आपल्या हद्दीतील पाट काढून टाकण्याचा बोलिव्हियाचा हक्कही निर्विवाद ठरला. पाट काढल्यास कुरणांचे पुनरुज्जीवन होऊ शकेल. मात्र सीमेपलीकडे जाणाऱ्या पाण्यात त्यामुळे किती घट होईल, याविषयी उभय देशांच्या तज्ञांत मतभेद राहिले.