प्रोसेसरच्या गाभ्यांची गणती

संगणकातील आज्ञा वाचण्याचे आणि त्या पार पाडण्याचे काम ज्या भागात चालते, त्याला प्रोसेसर म्हणतात. पूर्वीच्या घरगुती संगणकांत या कामासाठी एकच केंद्र असे. त्या एका केंद्राचा वेग वाढवीत नेणे उष्णतेमुळे उत्तरोत्तर कठीण होऊ लागले, तेव्हा एका प्रोसेसरमध्ये अशी अनेक केंद्रे बसविण्याचा मार्ग अभियंत्यांनी स्वीकारला. अशा प्रत्येक केंद्राला कोअर, म्हणजेच गाभा, असे नाव आहे. आयबीएमचा पॉवर-४ हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर २००१ साली आला. मेजावरील संगणकांसाठी इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी २००५ साली असे प्रोसेसर विक्रीस आणले. आज आठ किंवा सोळा गाभ्यांचे प्रोसेसर साध्या दुकानांतही मिळतात.

याबरोबरच एक नवी तक्रारही उद्भवली. प्रोसेसर चार गाभ्यांचा म्हणून विकत घेतलेला असतो, वेष्टनावरही तसेच छापलेले असते. परंतु संगणकाच्या पडद्यावर मात्र दोनच गाभे, क्वचित एकच गाभा, दिसतो. अशा वेळी मालकाचे मन दोन निष्कर्षांकडे धाव घेते. एक, विक्रेत्याने फसविले; दुसरा, प्रोसेसर जळाला. बहुतेक प्रसंगी हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरतात. तरीही त्यांच्या भरीस पडून नवा प्रोसेसर किंवा नवा मदरबोर्ड विकत घेतला जातो आणि पैसे खर्चूनही दोष जागच्या जागी राहतो. हे टाळावयाचे असेल, तर संगणक आपले गाभे मोजतो तरी कसे, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

गणती कशी होते

वीज सुरू होताच सर्व गाभे एकदम कामाला लागतात, अशी समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. इंटेल आणि एएमडी यांच्या प्रोसेसरांत आरंभी एकच गाभा काम सुरू करतो. इतर गाभे हाक येण्याची वाट पाहत थांबलेले असतात. हा पहिला गाभा मदरबोर्डावरील बायॉस ही प्राथमिक आज्ञावली चालवू लागतो. बायॉस इतर गाभ्यांना ठराविक संकेत पाठवून जागे करते, त्यांची नोंद घेते आणि एक तक्ता तयार करते. या संगणकात कोणकोणते गाभे वापरास उपलब्ध आहेत, ते या तक्त्यात लिहिलेले असते.

यानंतर कारभार विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीच्या हाती जातो. कार्यप्रणाली गाभ्यांचा शोध स्वतः नव्याने घेत नाही. बायॉसने दिलेला तक्ता वाचून ती त्यातील एकेका गाभ्याला पुन्हा हाक देते. जो उत्तर देतो, तो कामावर रुजू झाला असे समजते. शेवटी हाच आकडा टास्क मॅनेजरसारख्या खिडकीत आपणांस दिसतो.

म्हणजे ही गणती प्रोसेसर, बायॉस, कार्यप्रणाली आणि पडद्यावरील आकडा अशा चार टप्प्यांनी पुढे जाते. एखाद्या टप्प्यावर गाभा गळला, तर पुढच्या कोणत्याही टप्प्यावर तो दिसत नाही. म्हणून दोष शोधताना मुख्य प्रश्न हा, की आकडा नेमका कोणत्या टप्प्यावर कमी झाला. शोध मात्र उलट क्रमाने, पडद्यापासून प्रोसेसरकडे, न्यावा. कारण पडद्याकडील तपासणी फुकट व निर्धोक असते आणि प्रोसेसरकडे जाऊ लागावे तसतसा खर्च व धोका वाढत जातो.

आकडा वाचताना होणारी चूक

कित्येकदा गाभे हरविलेलेच नसतात. आकड्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. काही प्रोसेसरांत एक गाभा दोन कामांचे धागे एकाच वेळी हाताळू शकतो. इंटेलने ही सोय हायपर-थ्रेडिंग या नावाने २००२ साली आणली. अशा प्रोसेसरात चार गाभे असले, तर कार्यप्रणालीला आठ ‘तार्किक प्रोसेसर’ दिसतात. जाहिरातीतील आठ धाग्यांना आठ गाभे समजणारा मालक, टास्क मॅनेजरमध्ये ‘कोअर्स’ या शब्दापुढे चार हा आकडा पाहून अकारण चिंतित होतो.

२०२१ साली आलेल्या इंटेलच्या बाराव्या पिढीच्या अनेक प्रोसेसरांनी हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा केला. त्यांत शक्तिशाली आणि काटकसरी असे दोन प्रकारचे गाभे असून, पहिल्या प्रकारचा गाभा दोन धागे चालवितो तर दुसरा एकच. उदाहरणार्थ, आय-९ १२९००-के या प्रोसेसरात दोन्ही प्रकारचे आठ-आठ मिळून सोळा गाभे आहेत. धागे मात्र चोवीस होतात. यास्तव प्रोसेसरचे पूर्ण नाव टिपून घेऊन, उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या माहितीशी गाभे आणि धागे हे दोन्ही आकडे वेगवेगळे ताडून पाहावेत. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये एखाद्या गाभ्यापुढे ‘पार्क्ड’ असा शब्द दिसला, तर तो गाभा वीज वाचविण्यासाठी तात्पुरता विश्रांतीस ठेवला आहे एवढाच त्याचा अर्थ. गणतीत तो असतोच.

कार्यप्रणालीने घातलेली मर्यादा

आकडा खरोखरच कमी असेल, तर प्रथम संशय कार्यप्रणालीवर घ्यावा. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग नावाची एक खिडकी आहे. तिच्यातील ‘बूट’ या विभागाच्या प्रगत पर्यायांत प्रोसेसरांची संख्या निवडण्याची चौकट असते. या चौकटीत खूण केल्याने सर्व गाभे ‘सुरू’ होतात आणि संगणक वेगवान होतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. वास्तविक ही सोय नेमकी उलट हेतूची आहे. कमी गाभ्यांवर एखादी आज्ञावली कशी चालते, हे तपासणाऱ्यांसाठी ती ठेवलेली आहे. तेथे खूण नसेल, तर विंडोज उपलब्ध असलेले सर्व गाभे आपोआप वापरते. खूण केली आणि आकडा एक किंवा दोन राहिला, तर तीच कमाल मर्यादा होऊन बसते. वेग वाढविण्याच्या उद्देशाने केलेली ही खूण वेग घटविण्यास कारणीभूत होते. आणि ती कधी केली होती, याचा मालकास पुढे विसर पडतो. खूण काढून संगणक पुन्हा सुरू करणे, एवढाच यावर उपाय आहे.

दुसरे कारण विंडोजच्या आवृत्तीत दडलेले असते. विंडोज १० व ११ यांची होम आवृत्ती एकच प्रोसेसर वापरते. येथे मर्यादा गाभ्यांवर नसून प्रोसेसर बसविण्याच्या खोबणींवर, म्हणजे सॉकेटांवर, आहे. सामान्य संगणकात एकच सॉकेट असल्याने हे जाणवत नाही. परंतु कार्यालयांनी काढून टाकलेली, दोन प्रोसेसरांची जुनी वर्कस्टेशने स्वस्तात विकत घेणाऱ्यांना त्याचा प्रत्यय येतो. होम आवृत्ती टाकली, की दुसरा संपूर्ण प्रोसेसर बेकार बसून राहतो. प्रो आवृत्ती दोन सॉकेटांना मान्यता देते. विंडोज एक्सपीच्या काळात आणखी एक अडचण येई. एक्सपी बसविताना जो संगणक समोर असेल, त्याला अनुरूप असा तिचा पाया निवडला जाई. पुढे एका गाभ्याच्या प्रोसेसरच्या जागी दोन गाभ्यांचा बसविला, तर काही संगणकांत एक्सपी नव्याने बसविल्याखेरीज दुसरा गाभा कामास येत नसे.

लिनक्समध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा गाभे, धागे आणि सॉकेट यांचा हिशेब स्वतंत्रपणे दाखविते. तेथेही सुरुवातीच्या सूचनांत गाभ्यांची संख्या मर्यादित करणारा किंवा ‘एसीपीआय’ ही व्यवस्था बंद करणारा शब्द राहून गेलेला असू शकतो. गाभ्यांचा जो तक्ता बायॉस देते, तो याच व्यवस्थेचा भाग आहे. ती बंद केल्यास कित्येक संगणकांत एकच गाभा उरतो. एखादी स्थापना अडली असता ती पार पाडण्यासाठी असा शब्द घालतात आणि तो तसाच राहतो.

निर्णायक चाचणी

येथवर उलगडा झाला नाही, तर एक सोपी चाचणी करावी. यूएसबी स्मृतिपट्टीवरून, स्थापना न करता, लिनक्स सुरू करावे आणि त्यात गाभ्यांची संख्या पाहावी. तेथे संख्या पूर्ण भरली, तर प्रोसेसर आणि बायॉस हे दोघेही निर्दोष असून उणीव मूळ कार्यप्रणालीत आहे. तेथेही तोच कमी आकडा आला, तर गाभे बायॉसच्या पातळीवर किंवा तिच्याही आधी गळत आहेत. या चाचणीस खर्च नाही आणि चकतीवरील माहितीलाही तिने धक्का लागत नाही.

बायॉसची तपासणी

बायॉसच्या मांडणीत किती गाभे कार्यान्वित ठेवावेत, हे ठरविणारा पर्याय बहुधा असतो. त्याचे नाव मदरबोर्डागणिक बदलते. जुन्या खेळांना अधिक गाभे मानवत नाहीत म्हणून किंवा उष्णता कमी करावी म्हणून पूर्वीच्या मालकाने तो बदललेला असू शकतो. सर्व पर्याय मूळ स्थितीत आणणारी आज्ञा दिली, की हा दोष दूर होतो. तत्पूर्वी असलेली मांडणी कागदावर उतरवून घ्यावी.

प्रोसेसर नवा आणि मदरबोर्ड जुना असेल, तर बायॉसला त्या प्रोसेसरची ओळख नसते. मदरबोर्डाचा उत्पादक कोणत्या प्रोसेसरासाठी बायॉसची कोणती आवृत्ती हवी, याची यादी प्रसिद्ध करतो. ती पाहून बायॉस अद्ययावत करावी. मात्र हे काम चालू असताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते. जेथे वीज बेभरवशाची आहे, तेथे यूपीएसखेरीज हे धाडस करू नये. तसेच विंडोजने बिटलॉकरद्वारा चकती कुलूपबंद केली असेल, तर बायॉसमधील बदलानंतर ती ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकते. ती किल्ली जवळ नसेल, तर गाभे परत मिळतील, परंतु वर्षानुवर्षांची कागदपत्रे, हिशेब आणि छायाचित्रे यांना मुकावे लागेल. किल्ली आणि माहितीची दुसरी प्रत हाताशी ठेवूनच पुढे जावे.

यंत्राचा दोष

या सर्व पायऱ्या ओलांडल्यानंतरच प्रोसेसर सॉकेटातून काढण्याचा विचार करावा. सॉकेटातील वाकलेली पिन किंवा संपर्कावर आलेले उष्णतावाहक मलम ही कारणे संभवतात. तथापि गाभा खरोखरच बिघडला, तर संगणक बहुधा सुरूच होत नाही किंवा मधूनमधून कोसळतो. एक गाभा शांतपणे नाहीसा व्हावा आणि बाकीचे सुरळीत चालावेत, असे मेजावरील संगणकांत क्वचितच घडते. प्रोसेसर तापल्यानेही गाभ्यांची संख्या घटत नाही. घटतो तो त्यांचा वेग. खात्री करून घेण्यासाठी तोच प्रोसेसर दुसऱ्या, अनुरूप आणि सुस्थितीतील मदरबोर्डावर बसवून पाहावा. तेथे गणती पूर्ण भरली, तर दोष पहिल्या मदरबोर्डाकडे जातो. तेथेही अपुरी राहिली, तर प्रोसेसरकडे. मुदत शिल्लक असल्यास हमीचा दावा करताना ही नोंद उपयोगी पडते.

काही गाभे मात्र कारखान्यातच बंद केलेले असतात. एएमडीने २००८ साली तीन गाभ्यांचे फेनॉम प्रोसेसर विक्रीस आणले; मुळात ते चार गाभ्यांचे असून त्यांतील एक बंद केलेला होता. पुढील पिढीच्या काही प्रोसेसरांत मदरबोर्डाच्या साहाय्याने हा चौथा गाभा उघडता येई. कोणाचा गाभा नीट चाले, तर कोणाचा संगणक वारंवार कोसळे. कारण काही गाभे सदोष म्हणून वगळलेले होते, तर काही केवळ बाजारातील मागणी पुरविण्यासाठी. असा गाभा पडद्यावर दिसला नाही, तर त्याला बिघाड म्हणता येत नाही. खरेदीच्या वेळी जेवढ्या गाभ्यांचे वचन दिले होते, तेवढेच तेथे हजर असतात. म्हणून वेष्टनावरील आकड्यापासून आरंभ करून एकेक टप्पा तपासावा, आणि गाभा कोठे गळला हे निश्चित झाल्यावाचून नव्या भागासाठी पैसे मोजू नयेत.