टोमॅटोची रोपे पडवीत वाढवा

साकोली तालुक्यातील सानगडीचा परिसर मुख्यत्वे धानाचा. पावसाची झड लागली की उघड्या वाफ्यातील टोमॅटोची कोवळी रोपे बुडाशी सडून माना टाकतात. ओल्या मातीतील बुरशीमुळे होणारा हा रोग दोन-चार दिवसांत वाफा रिकामा करतो. बियाण्याचा खर्च वाया जातो आणि हंगामही हुकतो. यावर सोपा उपाय म्हणजे रोपे पडवीत, उजेडाच्या बाजूस तयार करणे होय.

तळास छिद्रे पाडलेल्या पेटीत माती, वाळू व चांगले कुजलेले शेणखत समभाग भरावे. ट्रायकोडर्मा चोळलेले बी सुमारे १ सेंटिमीटर खोल, विरळ पेरावे. पाणी बेताने, सकाळीच द्यावे. खरी २ पाने फुटताच प्रत्येक रोप तळास भोक पाडलेल्या पळसाच्या द्रोणात हलवावे. रोप पानास धरावे, खोडास नव्हे. कोवळे खोड चेपल्यास रोप वाचत नाही. ते बीजदलांपर्यंत मातीत पुरावे, कारण पुरलेल्या खोडास नवी मुळे फुटतात. लागणीपूर्वी आठवडाभर पाणी कमी करून रोपांना क्रमाक्रमाने ऊन दाखवावे. द्रोणाचा तळ फाडून मातीच्या गोळ्यासह लागण केल्यास मुळे दुखावत नाहीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी एक पेटी प्रत्यक्ष करून दाखवावी. शेतकरी बंधूंचा विश्वास डोळ्यांनी पाहिल्यावरच बसतो.