गाडीची नाडी, लेखांक 9 : टोचन लावलं की ताप का चढतो?

चंदीगडच्या सेक्टर 26 मधल्या ट्रान्सपोर्ट एरियातून निघालेला ट्रक पिंजोरपर्यंत कुरकुर करत नाही. परवाणू ओलांडून सोलनचा चढ लागला आणि मागे टोचन लावलेली बंद गाडी असली, की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो. आपल्याकडे कसारा घाटात हेच घडतं.

थोडा हिशोब करू. कालका समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटरवर आणि सोलन 1500 च्या घरात. दोन्ही गाड्यांचं मिळून 20 टन वजन तेवढं वर चढवायला सुमारे 46 युनिट ऊर्जा लागते. घरातला दोन किलोवॅटचा गिझर 23 तास चालेल इतकी! डिझेलची बरीचशी ऊर्जा मात्र चाकापर्यंत पोचतच नाही, तिची उष्णता होते. त्यातला मोठा वाटा रेडिएटरने बाहेर टाकायचा, तोही गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असताना, समोरून वारा नसताना.

म्हणून गाडी कधी तापते, हे आधी विचारा. पाना नंतर हातात घ्या. संथ चढावर तापते आणि सपाटीला निवते, तर संशय पंख्यावर. गरम इंजिनाचा पंखा चांगला घोंघावला पाहिजे; तो आवाज नसेल तर पंख्याचा क्लच सुटतोय. वेगात धावतानाही तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून तुंबलाय. पंजाबात एप्रिलमध्ये गव्हाची कापणी सुरू झाली की भुसा जाळीत जाऊन बसतो. गार इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक झाला आणि टाकीत बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट गेलंय. नवा थर्मोस्टॅट टाकून पैसे घालवू नका.

आता गिअरबॉक्स. साध्या गिअरच्या ट्रकमध्ये इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा दोषी बहुधा क्लचप्लेट असते. ऑटोमॅटिक पिकअपमध्ये गंमत वेगळी. संथ चढावर टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल घुसळून तापतं, आणि बऱ्याच गाड्यांत ते निववायची नळी रेडिएटरमधूनच जाते. मग एकाचा ताप दुसऱ्याला चढतो. आधी कोण तापलं, ते पाहिलं तर मूळ सापडतं. तेल तपकिरी होऊन जळका वास येत असेल, तर नुसतं बदलून भागत नाही, कारण शोधावं लागतं.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: मागची गाडी. एअरब्रेकच्या ट्रकमधली हवा गेली की स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतात. ते यांत्रिक पद्धतीने पूर्ण मोकळे केले नाहीत, तर पुढचा ट्रक तिला ब्रेक लावलेल्या अवस्थेतच ओढत राहतो. थांबल्यावर तिच्या चाकांजवळ हात न्या. हात न लावताच धग लागली, तर पुढचं इंजिन उगाच खोलू नका.

काटा चढलाच तर कडेला थांबा, पाणी गळत नसेल तर इंजिन चार-पाच मिनिटं आयडलवर ठेवा. गळत असेल तर लगेच बंद करा; पाणी सेन्सरच्या खाली गेलं की काटा खोटं सांगतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण कोणी कितीही घाई केली तरी उघडू नका.

पुढच्या आठवड्यात याच घाटाचा उतार, आणि ब्रेक तापण्याची गोष्ट.