यंत्र आपले, सनद कोणाची?

पंधरा-वीस वर्षे जपून ठेवलेले माझे काही मराठी लेख नव्या संगणकावर उघडले असता, देवनागरी ओळींच्या जागी रोमन अक्षरांची आणि अनाकलनीय खुणांची रांग समोर उभी राहिली, आणि स्वहस्ते लिहिलेले दस्तऐवज वाचण्याची किल्ली आपल्यापाशी नाही, या जाणिवेने जिवाला चटका बसला. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे बहुतेक मराठी फाँट रोमन अक्षरांच्या स्थानी देवनागरी आकार बसवीत. कोणता आकार कोठे, याचा नकाशा प्रत्येक उत्पादकाचा निराळा असे. आणि मी रीतसर मोल देऊन घेतलेली मराठी लेखनाची आज्ञावली नव्या यंत्रावर चालेना. मला मिळाली होती ती वहिवाट. मालकी उत्पादकाकडेच राहिली होती.

हाच प्रश्न अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांच्यापुढे एका प्रिंटरच्या निमित्ताने उभा राहिला. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील त्या यंत्रात कागद वारंवार अडके; अडकताच सर्वांना सूचना जावी अशी तजवीज करणे त्यांना सहज शक्य होते, परंतु त्यासाठी आवश्यक असलेली मूळ संहिता, ती गुप्ततेच्या कराराने बांधलेली असल्यामुळे, त्यांना नाकारण्यात आली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला. आज्ञावली हव्या त्या कार्यासाठी चालवावी, तिचे अंतरंग अभ्यासून बदलावे, तिच्या प्रती वाटाव्यात आणि सुधारलेली आवृत्तीही वाटावी, हे चार अधिकार म्हणजे या मुक्ततेची सनद. तीत मोल घेण्यास मज्जाव नाही. हेलसिंकीचे विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहिलेला ‘लिनक्स’ हा गाभा (कर्नेल) पुढील वर्षी याच सनदेखाली आला, आणि संकल्पित प्रणालीतील गाभ्याची उणीव भरून निघाली.

आज सामान्य माणसाने बंदिस्त प्रणालीवरून मुक्त प्रणालीकडे स्थलांतर करावयाचे म्हटले, तर आधी जुन्याच प्रणालीवर लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स या मुक्त आज्ञावलींची सवय करावी, नंतर पेन ड्राइव्हवरून लिनक्सवर चालणारी डेबियनसारखी प्रणाली केवळ चालवून पाहावी, आणि मूळ कागदपत्रांची प्रत अन्यत्र ठेवल्यावरच ती कायमची बसवावी. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक तीत असतोच.

पण यंत्र संपूर्ण मुक्त झाले असे म्हणताना खरी कसोटी ‘संपूर्ण’ या शब्दाची आहे. वायफायचे कार्ड, चित्रपटल हाताळणारी चिप, यंत्र सुरू होताच प्रथम जागी होणारी बायोस, यांच्या पोटात फर्मवेअर नावाच्या आज्ञा असतात, आणि त्यांची संहिता उत्पादक बहुधा देत नाहीत. ‘ट्रिस्क्वेल’ ही प्रणाली असे बंदिस्त तुकडे वगळते; परिणामी अनेक लॅपटॉपांवर वायफाय मुके होते, आणि अथेरॉसच्या काही जुन्या कार्डांसारखे, बाहेरून फर्मवेअर न मागणारे कार्ड शोधावे लागते. डेबियनच्या सभासदांनी २०२२ मध्ये मतदान करून असे फर्मवेअर अधिकृत स्थापनासंचात समाविष्ट करण्यास अनुमती दिली. मला तो निर्णय व्यवहार्य वाटतो, कारण वायफायवाचून अडलेला नवखा मनुष्य दुसऱ्याच दिवशी जुन्या प्रणालीकडे परततो. तरीही ट्रिस्क्वेलवाल्यांचा आग्रह मला पूज्य आहे, कारण यंत्राचा कोणता कोपरा अद्याप आपला नाही, हे त्यांच्यामुळेच कळते.

माझ्या लॅपटॉपची बायोस अजून बंदिस्तच आहे. लेख मात्र, एका मुक्त परिवर्तकाच्या साहाय्याने आणि चुकलेली जोडाक्षरे हाताने सुधारीत, मी एकेक करून युनिकोडमध्ये आणतो आहे; सतरा झाले आहेत, आणि ज्याची संपूर्ण रचना जाहीर आहे अशा ओपन डॉक्युमेंट स्वरूपात ते ठेवले आहेत.