दिव्यांगांसाठी अश्वारोहण : खोगीर स्वाराजोगे हवे

घोड्यावर मांड ठोकणे हे केवळ धडधाकट माणसाचे काम, अशी रूढ समजूत आहे. चंद्रपूर नगरीच्या स्थापनेची आख्यायिका मात्र एका व्याधिग्रस्त घोडेस्वाराचीच आहे. अंगभर गाठी उठलेला गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीसाठी बल्लारपूरहून निघाला, तहान लागून झरपट नदीच्या पात्रात उतरला, तेथील पाण्याने हातपाय धुतले आणि व्याधिमुक्त झाला, असे सांगतात. चमत्काराचा भाग सोडला, तरी शरीराला मर्यादा आली म्हणून राजाने घोडा सोडला नव्हता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

अलीकडच्या इतिहासातील ठळक उदाहरण डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांचे. १९४४ मध्ये पोलिओमुळे त्यांच्या गुडघ्याखालील पायांतील शक्ती गेली. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या अश्वकौशल्याच्या स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. घोड्यावर चढता-उतरताना त्यांना दुसऱ्याची मदत घ्यावी लागे.

लाभ आणि त्याची मर्यादा

घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याच्या पाठीची हालचाल स्वाराच्या कमरेला पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली अशी लयबद्ध गती देते. ही गती माणसाच्या चालण्याशी मिळतीजुळती असते. त्यामुळे तोल सावरण्याचा आणि पाठ सरळ ठेवण्याचा सराव होतो. मात्र हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. उपचार म्हणून घोड्यावर बसवायचे असेल, तर भौतिकोपचार तज्ज्ञाचे मार्गदर्शन अनिवार्य आहे.

साधन माणसाजोगे

या कामी मार्गदर्शक ठरणारे तत्त्व आपल्याच जिल्ह्यात आचरणात आलेले आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करणाऱ्या बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसून प्रवास करणे अशक्य झाले होते. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रा निघाली, तेव्हा तरुण सायकलींवर होते आणि बाबा वाहनातील शय्येवर पडून त्यांच्यासोबत होते. शरीराला वाहनाजोगे होता येत नव्हते, म्हणून वाहन शरीराजोगे केले गेले. घोड्याच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो.

ज्याचे पाय दुबळे आहेत, त्याला खालून उचलून घोड्यावर टाकू नये. चाकाची खुर्ची वर जाईल अशा उताराचा, रिकिबीच्या उंचीचा पक्का ओटा बांधावा. पाऊल आरपार जाऊन अडकू नये यासाठी पुढून बंद असलेली रिकीब वापरावी. बोटांची पकड कमी असल्यास लगामाला हात सहज निघेल असे रुंद फासे शिवावेत. लगाम मनगटाला कधीही गुंडाळू नये. खोगिराच्या पुढील भागास धरण्यासाठी चामडी मूठ लावावी. हनुवटीखाली पट्टा असलेले शिरस्त्राण प्रत्येक स्वाराला सक्तीचे असावे.

या बदलांना एक सीमा आहे. पडू नये म्हणून स्वाराला दोराने खोगिराशी बांधणे, हा दिसायला सुरक्षित पण प्रत्यक्षात सर्वांत घातक उपाय होय. घोडा ठेचकाळला वा उधळला, तर बांधलेला स्वार त्याच्याखाली चिरडतो किंवा फरफटत जातो. आधार द्यायचा तो माणसांनी. एक मोतद्दार घोड्याच्या तोंडाशी आणि दोन्ही बाजूंनी एकेक साहाय्यक, असे तिघे प्रारंभी हवेतच.

घोडा उंचीला बेताचा, प्रौढ व शांत असावा. वरातीची घोडी वाद्यांना सरावलेली असते. परंतु कुबड्या, चाकाची खुर्ची आणि स्वाराचे अनपेक्षित झटके यांचीही तिला आधी सवय करावी लागते.

कोणाला बसवू नये

अपस्मार आटोक्यात नसणे, नितंबाचा सांधा निखळलेला असणे, कण्याचा अस्थिभंग न भरणे, हाडे ठिसूळ असणे किंवा बैठकीच्या जागी जखम असणे, अशा स्थितीत घोड्यावर बसवू नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकाच्या मानेची तपासणी आधी करावी.

या दोन जिल्ह्यांत आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. सिकलसेलच्या रुग्णांत मांडीच्या हाडाचे डोके झिजण्याचा संभव असतो. त्यांना डॉक्टरांच्या संमतीशिवाय मांड घालून बसवू नये आणि तहानलेले ठेवू नये. कुष्ठमुक्त व्यक्तीच्या हातापायांना संवेदना नसेल, तर लगामाने सोलवटलेले तिला कळत नाही. म्हणून मऊ हातमोजे वापरावेत आणि उतरल्यावर तळहात, पावले व बैठकीची जागा डोळ्यांनी तपासावी.

स्थळ, ऋतू आणि जनावराचे आरोग्य

घोडा मूलतः भिऊन पळणारा प्राणी आहे. वाघाचा वावर असलेल्या रानवाटांवर असा सराव करणे म्हणजे संकटाला आमंत्रण. गावालगतचे, कुंपण असलेले मऊ मातीचे मैदानच योग्य. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्यामुळे हिवाळ्यातील सकाळ उत्तम. पावसाळ्यात घोडमाश्यांमुळे घोड्यांत सर्रा रोग पसरतो. ग्लँडर्स तर माणसालाही होऊ शकतो. पशुवैद्यकाच्या तपासणीवाचून घोडा वापरू नये.

आपले कर्तव्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० अन्वये दिव्यांगांना क्रीडाप्रकारांत सहभागी होता यावे, यासाठी उपाय योजणे शासनावर बंधनकारक आहे. प्रत्येक गावी घोडा असणार नाही, हे खरे. पण जेथे आहे, तेथे ग्रामपंचायतीने ओटा बांधून द्यावा आणि गावच्या सुताराकडून घोड्याच्या उंचीचा लाकडी घोडा करून घ्यावा. चढण्या-उतरण्याचा पहिला सराव त्यावरच व्हावा. जत्रेत हौसेखातर दिव्यांग मुलाला वाटेल त्या घोड्यावर बसविले जात असेल, तर ते थांबविणे हेही पंचांचे काम आहे. शिक्षकांनी मुलाची वैद्यकीय नोंद पाहावी, पालकांची संमती घ्यावी आणि मुख्य म्हणजे मुलाला स्वतःला बसावेसे वाटते का, हे विचारावे. त्याने थांबा म्हटले की घोडा थांबलाच पाहिजे. लगाम साहाय्यकाच्या हाती असला, तरी स्वार तोच आहे.