स्त्रीबीजाची मुक्तता आणि शरीरातील निरोपे

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते व ठणकू लागते. जंतूंचा प्रतिकार करण्यासाठी रक्तातील श्वेतपेशी तेथे जमा होतात. या प्रतिक्रियेस वैद्यकशास्त्रात दाह असे म्हणतात. स्त्रीच्या बीजांडकोशातून दरमहा स्त्रीबीज बाहेर पडते, ती निरोगी क्रियादेखील बरीचशी याच मार्गाने घडते. हा विचार अमेरिकन शास्त्रज्ञ लॉरेन्स एस्पी यांनी १९८० मध्ये मांडला आणि पुढील संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली.

स्त्रीबीज हे द्रवाने भरलेल्या एका पुटिकेत वाढते. पक्व पुटिकेचा व्यास सुमारे २० मिलिमीटर असतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोषग्रंथीतून एल.एच. हे संप्रेरक एकाएकी मोठ्या प्रमाणात स्रवू लागते आणि तेव्हापासून साधारणतः ३६ तासांनी पुटिका फुटते. मधल्या काळात प्रतिकारयंत्रणेचे निरोपे कामास लागतात. सायटोकाइन या नावाने ओळखली जाणारी ही प्रथिने एका पेशीचा निरोप दुसरीस पोहोचवितात. त्यांपैकी इंटरल्यूकिन-८ श्वेतपेशींना पुटिकेकडे खेचून आणते, तर इंटरल्यूकिन-१ दाहाची क्रिया वाढविते. त्यांच्याच जोडीला प्रॉस्टाग्लँडिन ही द्रव्ये तयार होतात. विशिष्ट विकरे पुटिकेच्या भिंतीतील चिवट तंतू विरघळवितात, भिंत एका जागी पातळ होते व स्त्रीबीज बाहेर पडून बीजवाहिनीत जाते. ही जखम लवकरच भरून येते आणि रिकाम्या पुटिकेचा पीतपिंड बनतो. गर्भधारणेस आवश्यक असलेले प्रोजेस्टेरॉन त्यातूनच मिळते.

या ज्ञानाचा व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. इंडोमेथासिन, डायक्लोफिनॅक यांसारखी सूज व वेदना कमी करणारी औषधे प्रॉस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. बीजमुक्ततेच्या सुमारास ती सतत घेतल्यास काही स्त्रियांमध्ये पुटिका फुटतच नाही. पाळी मात्र नियमित येत राहते. त्यामुळे आत काय घडले, याचा बाहेरून पत्ता लागत नाही. औषध थांबविल्यानंतर हा परिणाम सहसा नाहीसा होतो.

अंगदुखी व कंबरदुखीवर अशा गोळ्या परस्पर आणून घेण्याची सवय आज गावोगावी दिसते. मूल होत नाही म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात या गोळ्यांची चौकशी क्वचितच होते. अपत्यहीनतेची कारणे अनेक असतात व ती पुरुषातही असू शकतात. यास्तव पतिपत्नी दोघांचीही तपासणी व्हावी आणि चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. संधिवातासारख्या आजारावरील औषध मात्र आपल्या मनाने बंद करू नये. तसेच ही औषधे म्हणजे संततिनियमनाचे साधन नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

शिक्षक व पंचायत सदस्य यांनी ही साधी माहिती घरोघरी पोहोचविली, तर एखाद्या निरपराध स्त्रीच्या कपाळी लागणारा वांझपणाचा शिक्का टळू शकेल.