अश्रुधूर, लाठी आणि रबरी गोळी

११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जण ठार झाले. तो गोळीबार समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष गुंडेवार आयोगाने काढला. आपल्या जिल्ह्यातील खैरलांजीच्या हत्याकांडानंतर २००६ मध्ये विदर्भभर मोर्चे निघाले, तेव्हा लाठ्या आणि अश्रुधूर अनेकांनी सोसला.

जमाव पांगवायला बंदुकीऐवजी ही साधने वापरावीत, ही मागणी आम्हाला रास्तच वाटते. पण ती निरुपद्रवी नाहीत. रबरी व प्लास्टिकच्या गोळ्यांवरील अभ्यासांचा आढावा ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१७ मध्ये आला. त्यातल्या सुमारे २,००० जखमींपैकी ५३ दगावले, ३०० जणांना कायमचे अपंगत्व आले. डोके, मान, डोळे यांवरचा मार सर्वांत घातक.

अश्रुधूर म्हणजे खरे तर धूर नव्हे, बारीक भुकटी. ती डोळ्यांत, घशात, कपड्यांवर बसते. डोळे चोळू नका. मोकळ्या हवेत जा, स्वच्छ पाण्याने दहा-पंधरा मिनिटे डोळे धुवा, कपडे बदला. आग बहुधा अर्ध्या तासात ओसरते. दमेकऱ्याची धाप मात्र थांबेना, तर थेट दवाखाना गाठा.

डोक्याला लाठी लागली असेल तर जखम दिसत नसली तरी दिवसभर लक्ष ठेवा. उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे दिसताच रुग्णालयात न्या. तिथे मार कशाने लागला हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. पुढे चौकशी लागली तर हाच कागद उपयोगी पडतो, म्हणून त्याची प्रत घरी ठेवा.